पूर्ण पानाचं चित्र

सिनेमा काही झाला नाही, म्हणून योगेंद्रने त्याचं पुस्तक करायचं ठरवलं. पुस्तक चित्रांचं हवं होतं, म्हणून तो निशाकडे आला.

योगेंद्र नंदुरबारचा. घरची तापीकाठची शेती, मिरचीचा धंदा, आणि हा मात्र सिनेमाच्या नादाने कितीतरी वर्षं मुंबईत काढून परत आलेला. त्याची पटकथा बऱ्याच निर्मात्यांनी वाचली होती. सगळ्यांनी पाठ थोपटली. एक जण तर चित्रीकरणाची जागा बघायला म्हणून काठीच्या होळीला आला, मोरपिसांचा टोप घालून नाचणाऱ्या बुध्यांबरोबर फोटो काढून गेला, आणि त्यानंतर त्याचा फोन लागेना. तेव्हा योगेंद्रला कोणीतरी चित्रकादंबरीचं सुचवलं. कॅमेरा नको, नट नकोत, नुसता कागद आणि चित्रकार. चांगलं झालं तर आश्रमशाळांच्या वाचनालयांत जाईल, आणि मग त्यावरून सिनेमाही निघेल.

निशा तळोद्याच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. मूळची डोंगरातली, काठीच्या अलीकडच्या मोहपाड्याची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करताना तिला हात सापडला. पानाच्या शिरा, परागकोश, बियांवरची लव, सगळं ती बारीक निबने ठिपक्याठिपक्यांनी काढायची. गर्द जागी ठिपके दाट, उजेडात विरळ. रेघ ओढून भागवायचं नाही, आणि समोर नमुना नसेल तर निब उचलायचीच नाही, हे तिला तिच्या बाईंनी शिकवलं होतं. ते इतकं अंगात मुरलं की योगेंद्रच्या पटकथेचं पहिलं पान उघडताच ती अडली.

"सर, इथे लिहिलंय, 'पाड्यावरचे लोक नाचतात.'"

"हो. मग?"

"कोण लोक? कुठे उभे आहेत? पायात काय आहे?"

योगेंद्र हसला होता. "अगं, ते सेटवर ठरतं. डायरेक्टर बघतो, कपडेपटवाला बघतो."

"इथे तो मीच आहे ना."

पटकथेत एका ओळीवर निभावतं, हे निशाच्या तेव्हा लक्षात आलं. लिहिणाऱ्याला काय माहीत नाही ते त्या ओळीमागे सहज झाकून जातं. चित्रात ते झाकत नाही. बुध्याच्या कमरेला वाळलेले दुधी बांधलेत तर ते किती मोठे, त्यांची दोरी कुठून जाते, हे काढणाऱ्याला माहीत असावं लागतं. योगेंद्रला यातलं फारसं माहीत नव्हतं आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. निशाला माहीत होतं. म्हणून तिने काम घेतलं. आपण नाही म्हटलं तर दुसरं कोणीतरी बुध्याला खाटेवर बसलेला दाखवेल, ह्या धास्तीने घेतलं. होळीची पाळणी, म्हणजे व्रत धरलेला बुध्या खाटेला शिवतसुद्धा नाही.

गोष्ट वाईट नव्हती. पाड्यावर एक मूल तापाने दगावतं, लोक एका एकट्या बाईला डाकीण ठरवतात, शाळेतला मास्तर तिच्या बाजूने उभा राहतो, शेवटी पोलिसांची जीप येते आणि बाई सुटते. मास्तर नंदुरबारचा होता आणि बराचसा योगेंद्रसारखा दिसायचा होता, ते निशाने मनावर घेतलं नाही.

बाईसाठी मात्र तिला चेहरा हवा होता.

दिवलीबाई मोहपाड्यावर तिच्या शेजारच्या. नात्याने फुई, म्हणजे आत्या लागायच्या, लांबच्या. नवरा वारला तेव्हापासून एकट्या, उताराच्या वरच्या अंगाला झोपडी, आणि मागे नवऱ्याने लावलेले आंबे. उन्हाळा लागला की कैऱ्या सोलून, फोडी करून खडकावर वाळत घालायच्या आणि आमचूर विकायच्या. होळीच्या सुट्टीत निशा वही घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली.

"मला काढून काय करशील?" दिवलीबाईंनी विचारलं होतं.

"गोष्टीत घालीन. एका बाईवर लोक आळ घेतात. डाकीण म्हणतात."

दिवलीबाईंचा कैरी सोलणारा हात थांबला. "शेवटी ती जगते का?"

"जगते. तिचं काही चुकलेलं नसतं, ते सगळ्यांना कळतं."

"मग काढ. पण दात पडलाय तो काढू नको."

"तो तर काढणारच, फुई. त्याच्याशिवाय तुम्ही कशा?"

"बघ, शिकलेली पोर. म्हातारीचा दातही सोडत नाही."

निशाने तो पडका दात काढला. हनुवटीवरचे गोंदणाचे ठिपके मोजून काढले. कानाची फाटलेली पाळी काढली, गळ्यातली चांदीची हसळी काढली, तिची जरा दबलेली बाजूसुद्धा. आजवर कोणी दिवलीबाईंकडे इतकं निरखून पाहिलं नसेल. चित्र बघून त्या म्हणाल्या, "हे तर मीच आहे," आणि लुगड्याचा पदर तोंडावर धरून हसल्या.

पुढे पटकथेत एक दृश्य आलं. मेलेल्या मुलाचा बाप झोपलाय. त्याच्या स्वप्नात तीच बाई येते. मोहाच्या झाडाखाली, केस मोकळे, तोंडाला रक्त, ओंजळीत पोराचं काळीज. कट. बाप दचकून उठतो.

निशाने त्याचं अर्धं पान केलं होतं. खालच्या कोपऱ्यात झोपलेला बाप, त्याच्या डोक्यातून धूर निघावा तसं वर स्वप्न. एकाच चौकटीत दोन्ही, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की हे त्याच्या मनातलं आहे.

योगेंद्रला ते रुचलं नाही. "हा आख्ख्या सिनेमातला सगळ्यात भारी शॉट आहे, निशा. पूर्ण पान दे त्याला. बाप पुढच्या पानावर घे. वाचणाऱ्याने पान उलटलं की मग कळू दे."

"पान उलटलंच नाही तर?"

"कोण उलटणार नाही?"

निशाला ते पटलं नव्हतं, पण नेमकं काय पटत नाही ते तिला तेव्हा सांगता आलं नाही. पटकथा त्याची, पुस्तक त्याचं. तिने पूर्ण पान काढलं. आणि काढायचंच म्हटल्यावर जसं तिला येत होतं तसंच काढलं.

आंबे उतरायला लागले होते. निशा कॉलेजात पेपर तपासत बसली होती तेव्हा तिच्या भावाचा, पवनचा फोन आला. पवन मोहपाड्यावरच राहायचा आणि तळोद्यापर्यंत जीप चालवायचा.

"निशा, फुईचा फोटो तू कोणाला दिलास?"

"कसला फोटो?"

"मोबाईलवर फिरतोय. तोंडाला रक्त आहे. खाली लिहिलंय, 'सातपुड्यात एक डाकीण राहते.' आमशाकाका सगळ्यांना दाखवत हिंडतोय."

आमशा म्हणजे दिवलीबाईंचा दीर. त्याचा नातू वरचेवर आजारी असायचा. हातपाय ठणकायचे, डोळे पिवळे व्हायचे, पोर रडून रडून निळं पडायचं. निशाने ते पोर पाहिलं होतं आणि रक्त तपासून घ्या म्हणून सांगितलंही होतं. सिकलसेल तिच्या अभ्यासातला आजार. डोंगरातल्या कितीतरी घरांत तो होता. आमशाने तिचं ऐकून घेतलं आणि वहिनीच्या नजरेचं खूळ डोक्यात धरलं ते धरलंच. वहिनी गेली तर आंबे त्याचेच होणार होते. हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

"पवन, तो फोटो नाही. ते चित्र आहे. मी काढलंय."

पलीकडे पवनने जीपचं इंजिन बंद केलं.

"लोक फोटोच म्हणतायत," पवन म्हणाला. "रविवारी डाकीण ओळखायला बडव्याला बोलावलंय. फुई दार लावून बसलीय. कैऱ्या खडकावर तशाच पडल्यात."

निशाने फोन ठेवला आणि ते चित्र आपल्या मोबाईलवर उघडून पाहिलं. योगेंद्रने पुस्तकाची जाहिरात म्हणून टाकलं होतं. एवढंच एक पान. मागचं नाही, पुढचं नाही. तिने मोबाईल जरा लांब धरून पाहिला. कागदावर ज्याचा ठिपका न् ठिपका दिसायचा ते चित्र हातभर लांबून, त्या बोटभर काचेवर, करड्या रंगाचा एक जुना फोटो झालं होतं. दुसऱ्या कोणी चार रेघांत काढलं असतं तर ते चित्रच दिसलं असतं. तिने ते नीट काढलं होतं.

ती पेपर तसेच ठेवून नंदुरबारच्या बसमध्ये बसली.

मिरचीचा हंगाम सरत आला होता, तरी योगेंद्रच्या गल्लीत शिरल्यावर रिक्षावालासुद्धा शिंकला. योगेंद्र खुशीत होता. त्याने खुर्ची पुढे केली.

"अगं, मी तुलाच फोन करणार होतो. बघितलंस? काय रिस्पॉन्स आहे. पुण्याहून दोन प्रकाशकांचे मेसेज आले. तू म्हणत होतीस अर्धं पान कर."

"सर, ते काढून टाका."

"का?"

निशाने सांगितलं. ती आवाज न चढवता, एकेक गोष्ट क्रमाने सांगत गेली: दिवलीबाई कोण, आमशा कोण, पोराला काय झालंय, रविवारी काय होणार आहे. योगेंद्रने ऐकून घेतलं. त्याचा चेहरा गंभीर झाला, पण निशाला हवा होता तसा नाही.

"हे भयानक आहे," तो म्हणाला. "म्हणजे बघ, माझी गोष्ट किती खरी आहे."

निशाने खुर्ची मागे सरकवली.

"निशा, मी अंधश्रद्धेच्या विरोधातच लिहिलंय ना? तू पूर्ण वाचलीयस. ते पान सुटं बघून कोणी गैरसमज करून घेतला तर त्यात लेखकाचा काय दोष? उलट पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचायला हवं."

"पुस्तक अजून छापलं नाही. पान पोचलं."

"काढून टाकतो, ठीक आहे. पण आता ते माझ्या हातात राहिलंय का? लोकांनी पुढे पाठवलंय." त्याने मोबाईल हातात घेऊन दोन-चार वेळा बोट फिरवलं आणि ठेवला. "काढलं. आणि तसं काही झालंच तर कायदा आहे. पोलिसांना सांग. माझ्या शेवटच्या सीनमध्ये तेच आहे."

"तुमच्या शेवटच्या सीनमध्ये जीप वेळेवर येते," निशा म्हणाली. "आमच्याकडे मारून झाल्यावर येते."

"तू आता भावनेच्या भरात बोलतेयस."

आयुष्यात निशावर भावनेच्या भराचा आळ कोणी घेतला नव्हता. तिने पिशवीतून वही काढली, टेबलावर ठेवली, पेन्सिलीला टोक केलं. भिंतीवर योगेंद्रच्या आईचा, नर्मदाबाईंचा, कुठल्याशा लग्नातला फोटो होता. नाकात नथ, कपाळाला मोठं कुंकू.

"ठीक आहे सर. पुस्तक छापायचंय तर चेहरा बदलायला हवा. मी नमुन्याशिवाय काढत नाही. ह्यांचा घेते."

"कोणाचा?"

"तुमच्या आईंचा. केस मोकळे, तोंडाला रक्त, बाकी पान तेच. फुईच्या ऐवजी ह्या."

योगेंद्र उठून उभा राहिला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? माझ्या आईला डाकीण काढतेस?"

"गोष्टीत ती निर्दोष आहे. पान उलटलं की कळतं."

"निशा, हे फार होतंय. ती माझी आई आहे. उद्या गल्लीतला कोणी बघेल, आमचे नातेवाईक बघतील…"

तो बोलता बोलता थांबला. निशाने पेन्सिल कागदावर टेकवलेली होती, तशीच ठेवली.

आतल्या दाराचा पडदा हलला. नर्मदाबाई चहाचा ट्रे घेऊन कितीतरी वेळ पडद्याआड उभ्या असाव्यात. चहावर साय धरली होती. त्यांनी ट्रे ठेवला, चित्र अजून उघडंच असलेला मुलाचा मोबाईल उचलला, चष्मा कपाळावर सारून काच डोळ्यांजवळ नेली.

"हाई कोन बाई शे?"

"माय, तू घरमा जाय," योगेंद्र म्हणाला.

"मी ह्या पोरले इचारी ऱ्हायनू. तुले नही."

निशाने सांगितलं. माझ्या फुई आहेत, डोंगरात असतात, आमचूर करतात. हे चित्र बघून लोक त्यांना मारायला निघालेत.

नर्मदाबाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या. पदर सारखा केला आणि समोर बघत म्हणाल्या, "काढ बेटा. मन्हं तोंड काढ."

"माय!"

"तू चूप बठ. माले कोन मारी आठे? मन्हं घर शे, गल्ली शे, तुन्हासारखा पोऱ्या शे. लोके हासतीन, दोन दिन बोलतीन." त्यांनी मोबाईल टेबलावर पालथा घातला. "तिना मांगे कोन शे, योगा? कोनी नही म्हनीसनच ना तुनी तिले घिदी?"

ट्रेमधल्या चहाला कोणी हात लावला नाही.

"गाडी काढ," नर्मदाबाई म्हणाल्या. "ह्या पोरना संगे जाय. तुन्हा कागद शे, तूच जाईसन सांग."

तळोदा सोडल्यावर घाट लागला आणि योगेंद्रने एकदा विचारलं, "मी तिथे काय बोलायचं?" निशा म्हणाली, "बसायचं." निशाच्या मांडीवर योगेंद्रकडून घेतलेला मूळ चित्राचा मोठा कागद पुठ्ठ्यात गुंडाळलेला होता. संताप तिला आता गरम वाटत नव्हता. प्रयोगशाळेत काचेची नळी धरावी तसा तो तिने धरून ठेवला होता; सांडला तर वाया जाईल.

वाहरू पोलीस पाटलाच्या अंगणात माणसं जमली होती. पवनने आधीच सांगून ठेवलं होतं. बायका एका बाजूला बसल्या होत्या, त्यांत आमशाची सून पोराला मांडीवर घेऊन. दिवलीबाई नव्हत्या. आमशा पुढेच उकिडवा बसला होता, हातात मोबाईल.

"आली चित्रवाली," तो भिलीत म्हणाला. "शहरातला साहेबही आणलाय. काय, फोटो खोटा म्हणून सांगायला?"

"फोटो नाहीच तो, काका. मी काढलाय."

"मी आंधळा आहे का? तिच्या हनुवटीवरचं गोंदणसुद्धा आहे. दात बघ. हसळी बघ, एका बाजूने दबलेली. असं कोणी हाताने काढतं?"

"मी काढते."

तिने पुठ्ठा सोडला आणि मूळ कागद खाटेवर अंथरला. "जवळ या. नाक लावून बघा."

आधी कोणी उठेना. मग वाहरू उठला, वाकला, आणि बोटाने कागद चाचपला. "ठिपके आहेत," तो म्हणाला. "मुंग्यांसारखे." मग बायका आल्या. एकीने बोट ओलं करून रक्तावर घासलं. शाई जराशी पसरली. "अरे, हे तर गेलं," ती म्हणाली, आणि तिलाच हसू आलं.

"ठिपके असतील," आमशा म्हणाला. "पण हिला सुचलं कुठून? दिसलं असेल तेव्हाच काढलं."

"मला नाही सुचलं. ह्यांना सुचलं." निशाने योगेंद्रला पुढे बसवलं. "हे सिनेमा लिहितात. मी फक्त तोंड घालते. कोणाचंही घालते. बघा."

तिने वही मांडीवर घेतली आणि ठिपके बाजूला ठेवून भराभर पेन्सिल चालवली. योगेंद्रचं रुंद कपाळ, चष्मा, हनुवटीवरचे दाढीचे खुंट, आणि त्याभोवती मोकळे केस कमरेपर्यंत. तोंडाला रक्त. ओंजळीत काळीज. मागे मोहाचं झाड. योगेंद्र मान ताठ धरून बसला होता, एकदाही हलला नाही. ते मात्र निशाने त्याच्या खाती जमा केलं.

वही हातोहात फिरली. बायकांमध्ये खसखस पिकली.

"हा तर डाकीण म्हणून बरा दिसतो."

"केस बघ ना. तेल कोणतं लावतो विचार."

"काळीज खाऊन पोट सुटलंय त्याचं."

वाहरूसुद्धा मिशीत हसला. हसू ओसरायच्या आत आमशा उभा राहिला. "हा सगळा खेळ आहे. ह्याचं खोटं, मान्य. तिचं खरं आहे. माझा नातू बघा."

निशाने वहीचं पान उलटलं. नवं कोरं पान समोर घेतलं. पेन्सिलीचं टोक बोटावर घासून पाहिलं.

"बरं. काका, तुम्ही जरा उजेडाकडे तोंड करा."

"काय?"

"फडकं डोक्यावरून काढा. कपाळ दिसत नाही मला."

आमशाचा हात फडक्याकडे गेला, आणि त्याने ते काढण्याऐवजी तोंडावर ओढून घेतलं. "माझं नाही काढायचं."

"का? नुसता खेळ आहे ना?"

"नाही म्हटलं ना."

"मोबाईलवर टाकीन. खाली लिहीन, सातपुड्यात एक…"

"निशा," पवन हळूच म्हणाला.

ती थांबली नाही. तिने कागदावर पहिली रेघ ओढली, कानाची. आमशाचा एक कान दुमडलेला होता, सगळा पाडा त्याला त्यावरून ओळखायचा. कान उमटताच बघणाऱ्यांना कळलं की हा कोण. अंगणात आता कोणी हसत नव्हतं.

"काढू दे की, आमशा," वाहरू म्हणाला. "कागदच आहे."

आमशा मागे सरकला. मग वळला आणि फडकं तसंच तोंडावर धरून अंगणातून बाहेर पडला, उतारावरून खाली, भराभर. त्याला कोणी हाक मारली नाही. निशाने पेन्सिल ठेवली. ज्या हत्याराने फुईला घायाळ केलं तेच आपण उचललं, आणि उचलताना बरं वाटलं, हे तिला कळत होतं. पण त्याबद्दल शरमायला तिला आत्ता सवड नव्हती.

वाहरूने घसा खाकरला. "बडव्याला निरोप धाडा. यायचं काम नाही."

आमशाची सून उठली. पोराला कडेवर घेऊन ती पवनपाशी गेली आणि सासरा गेला त्या उताराकडे न बघता म्हणाली, "तळोद्याला रक्त तपासतात ना? जीप केव्हा निघते?"

दिवलीबाईंनी दार चौथ्या-पाचव्या हाकेला उघडलं. खडकावरच्या फोडी काळ्या पडल्या होत्या. निशाने झालेलं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण त्यांचं लक्ष तिच्या हातातल्या पुठ्ठ्याकडे होतं.

"मोबाईलमधलं गेलं का?"

"ह्या सरांनी त्यांच्याकडचं काढलं. वाहरूदादांनी सगळ्यांना पुसायला लावलं."

"बाहेर गेलेलं?"

निशाला खोटं बोलता येत नव्हतं. "ते नाही जाणार, फुई."

योगेंद्र दाराबाहेर उभा होता. त्याने हात जोडले. "बाई, पुस्तकात मी चेहरा बदलतो. अगदी वेगळी बाई घेऊ."

"दुसरी कोण?" दिवलीबाईंनी विचारलं.

निशा म्हणाली, "दुसरी कोणी नाही. त्या पानावर आता स्वप्न येणार नाही. स्वप्न बघणाऱ्या बापाचं तोंड येईल, पूर्ण पानभर. तेवढंच." ती योगेंद्रकडे वळली. "नाहीतर बाकीची पानंही मी देत नाही." तो मान हलवून गाडीकडे गेला.

दिवलीबाई चुलीपाशी बसल्या. निशाने मूळ कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो बघितला नाही, नीट चौघडी घातली आणि चुलीत सरकवला. जाड कागद, पेटायला वेळ लागला. मग त्यांनी हात पुढे केला.

"तो पहिला कुठे आहे? ओट्यावर बसून काढलेला?"

निशाने तो वहीतून सोडवून दिला. कैरी सोलणाऱ्या दिवलीबाई, पडका दात, हनुवटीवरचं गोंदण. हाही चुलीत जाणार म्हणून निशाने नजर खाली घेतली. पण त्यांनी तो जाळला नाही. बराच वेळ उजेडात धरून बघितला.

"हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण हे पुस्तकात घालू नको. कोणाला दाखवूही नको."

"बरं, फुई."

त्यांनी कागद वळकटीच्या तळाशी सारला, कपड्यांखाली, आणि सुरी घेऊन बाहेर आल्या. काळ्या पडलेल्या फोडी खडकावरून ओंजळीने गोळा करून त्या उतारावर फेकायला लागल्या. निशाने पायातल्या चपला काढल्या आणि त्यांच्याबरोबर वाकली.